जीआर नसलेला नियम

"मान हलवू नका, तोंड हलवा!"

आमच्या ऑफिसात हे वाक्य दिवसातून दहा वेळा तरी ऐकू यायचं. पाठोपाठ टेबलावर तळहात आपटल्याचा आवाज. समोर ग्रामसेवक असो, सरपंच असो, नाहीतर जिल्ह्याहून तपासणीला आलेला कुणी बडा साहेब असो, सुटका कुणाचीच नव्हती. म्हणणारे होते आमचे हेडक्लार्क. आमच्या नगर जिल्ह्यात तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक भाऊसाहेब, सोसायटीचा सचिवही भाऊसाहेबच. पण आमच्या पंचायत समितीत नुसतं 'भाऊसाहेब' म्हटलं की ते हेच. तालुका कुठला ते मी सांगत नाही. सांगितलं तर आज सायंकाळपर्यंत मला चार फोन येतील आणि त्यातले दोन भांडणाचे असतील.

भाऊसाहेबांना जाऊन आता वर्ष होऊन गेलं. असा माणूस तुम्हीही कुठल्यातरी सरकारी ऑफिसात पाहिला असेलच. काटकुळा देह, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं आणि त्यातल्या एकाचं टोपण हरवलेलं. चष्मा कायम कपाळावर, आणि तो सापडत नाही म्हणून ओरडा आमच्यावर. कागदावर त्यांचं मराठी असं की वाचताना उठून उभं राहावंसं वाटावं. चिडले की मात्र थेट गावाकडचं यायचं. "तू लई शहानी झालीस का?" हे मला आठवड्यातून एकदा ठरलेलं. मी आस्थापना शाखेत. ऑफिसातली सगळी पत्रं मीच टाइप करायचे, त्यामुळं शहाणं व्हायला मला वावही भरपूर होता.

तर हा माणूस काही संतबिंत नव्हता. सुरुवातीला तर चुकला, चांगलाच चुकला. आम्हीही त्यांच्या जोडीनं चुकलो.

वैशाली आमच्याकडे कनिष्ठ सहायक म्हणून रुजू झाली तेव्हा जिल्ह्याच्या पाट्यांवर अजून अहमदनगरच होतं. श्रीगोंद्याकडच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची पोर. जन्मापासून दिसत नाही. पुण्याला राहून बीए केलेलं, स्पर्धा परीक्षा देऊन नोकरी मिळवलेली. हातात पांढरी काठी, पाठीवर सॅक, सॅकमध्ये स्वतःचा लॅपटॉप. तो तिला पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा, तेही इतक्या भरभर की आम्हाला एक शब्द कळायचा नाही.

आम्ही तिच्याशी किती चांगलं वागलो म्हणून सांगू! पंख्याखालची खुर्ची तिला. पहिला चहा तिला. हजेरीपट तिच्या टेबलावर नेऊन द्यायचा. मी तर ती उठली रे उठली की धावत जाऊन तिचा दंड धरायचे आणि तिला ओढत न्यायचे. चार दिवस तिनं सहन केलं. पाचव्या दिवशी हसून म्हणाली, "मॅडम, तुम्ही पुढं चाला, मी तुमचं कोपर धरते. असं ओढल्यावर मला बाजाराला चालवल्यासारखं वाटतं." माझं तोंड एवढंसं झालं.

सगळं देत होतो तिला. काम तेवढं देत नव्हतो. तिचं टेबल कोरं असायचं. "बिचारीला कशाला त्रास," असं आम्ही एकमेकांना म्हणायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो.

भाऊसाहेबांची माया तर सगळ्यांच्या वरताण. एका रविवारी ते आपणहून ऑफिसात आले, आमच्या रंगनाथ शिपायाला बोलावून घेतलं, आणि दोघांनी घामाघूम होऊन दोन कपाटं आणि तीन टेबलं सरकवली. वैशालीला दारापासून खुर्चीपर्यंत सरळ, रुंद वाट व्हावी म्हणून. सोमवारी ती आली ती नेहमीच्या ठरलेल्या पावलांनी, काठी न टेकता, झपाझप. आणि सरकवलेल्या कपाटाच्या कडेवर अशी आदळली की कपाळाला खोक पडली.

भाऊसाहेब धावले. "अगं, तुझ्यासाठीच तर वाट मोकळी केली होती!"

रुमाल कपाळाला दाबून धरत ती म्हणाली, "वाट मला पाठ होती, भाऊसाहेब. पाठ करायला तीन आठवडे लागले. एकदा विचारायचं तरी."

त्या दिवशी भाऊसाहेबांनी चहाला हात लावला नाही. डबाही तसाच परत नेला.

प्रकरण तिथंच थांबलं असतं, पण तेव्हाचे बीडीओ साहेब, म्हणजे आमचे गटविकास अधिकारी, घाबरले. "उद्या आणखी काही झालं तर जबाबदार कोण? जिल्हा परिषदेला कळवून टाका." भाऊसाहेबांनी मसुदा केला, मी टाइप केला. 'सदर कर्मचारी यांना देण्यासारखे योग्य काम या कार्यालयात उपलब्ध नसल्याने त्यांची सेवा परत घेण्यात यावी.' वाचायला किती साधं वाटतं. पण वैशाली तेव्हा परिविक्षेवर होती, म्हणजे नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पत्र गेलं असतं तर 'हिला काम देता येत नाही' हा शेरा तिच्या सेवापुस्तकाला जन्माचा चिकटला असता. मग कुठल्यातरी रेकॉर्ड रूममध्ये एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत ती निवृत्तीपर्यंत. मला हे टाइप करताना कळत होतं. तरी मी टाइप केलं, हे लपवून काय उपयोग?

सहीला पाठवायच्या आधी भाऊसाहेब ते पत्र घेऊन वैशालीच्या टेबलाशी गेले. "तुझ्याविषयीचा कागद आहे ताई. तुला ठाऊक असला पाहिजे," म्हणाले, आणि उभ्या उभ्या वाचून दाखवला. सगळं ऑफिस ऐकत होतं. दाराशी ग्रामसेवकांचं टोळकं होतं, तेही.

वैशालीनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "हे तुम्हाला पटतं का, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांनी मान हलवली. नाही म्हणून. एकदा, दोनदा, डोळ्यांत पाणी आणून हलवली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं, अगदी दारातल्या ग्रामसेवकांनीसुद्धा पाहिलं.

ती वाट बघत होती. थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही काहीच बोलला नाहीत."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. भर सभेत कुणी कानाखाली वाजवावी तसा तो झाला होता. सगळ्या ऑफिसला त्यांचं उत्तर कळलं होतं, आणि जिचा प्रश्न होता तिलाच तेवढं कळलं नव्हतं. "मी मान हलवली ताई," ते म्हणाले. "न्हाई म्हनलो मी. न्हाई पटत."

"मग तोंडानं सांगायचं ना," वैशाली म्हणाली. "मी इथं काम करायला आले. बसून राहायला घरी बाज आहे."

भाऊसाहेबांनी पत्राची घडी घातली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं, त्यामुळं आम्हाला सगळं ऐकू आलं. "साहेब, तीन महिने द्या. आवकचं टेबल पोरीला द्या. न्हाई जमलं तर पत्र पाठवा, अन् त्यात माझंबी नाव घाला."

आवकचं टेबल म्हणजे ऑफिसचं तोंड. तालुक्यातून येणारा प्रत्येक अर्ज तिथं घ्यायचा, नोंदवायचा, नंबर द्यायचा आणि योग्य शाखेला पाठवायचा. मंगळवारी बाजाराच्या दिवशी तिथली रांग पार जिन्यापर्यंत जायची. साहेब "बघा बुवा" म्हणाले. म्हणजे तीन महिन्यांनी 'मी सांगितलं होतं' म्हणायला मोकळे.

दुसऱ्याच दिवशी भाऊसाहेबांनी लाल ऑइलपेंटचा डबा आणला. या वेळी सगळं वैशालीला विचारून. ती चालत होती, थांबत होती, "इथं नको, इथं चालेल" म्हणत होती, आणि रंगनाथ जमिनीवर मांडी घालून प्रत्येक खुर्चीच्या, टेबलाच्या पायाभोवती लाल चौकोन काढत होता. खुर्चीवरून उठलात की खुर्ची चौकोनात. कपाटाचं दार उघडलं की बंद. वाटेत पिशवी ठेवायची नाही, मग ती बीडीओ साहेबांची असली तरी. आत येणाऱ्यानं आधी आपलं नाव सांगायचं, जाताना 'निघालो' म्हणायचं. ती भिंतीशी बोलत बसता कामा नये. आणि उत्तर द्यायचं ते तोंडानं.

हे शेवटचं भयंकर अवघड होतं हो! सरकारी नोकरीत आम्ही मान हलवूनच तर पोट भरतो. कुणाला होही म्हणायचं नसतं आणि नाहीही. भाऊसाहेबांनी शिक्षा ठेवली. जो मान हलवील त्यानं उभं राहून आपलं संपूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका मोठ्यानं सांगायचं. पहिल्या आठवड्यात ऑफिसला शाळेची कळा आली. सर्वांत जास्त वेळा उभे राहिले ते स्वतः भाऊसाहेब. तीस वर्षांची सवय, सुटते थोडीच? दर वेळी उठायचे, स्वतःवरच डाफरायचे आणि गाव-तालुक्यासकट नाव सांगायचे. त्यांच्या आजोळचं नाव सोडून आम्हाला त्यांचं सगळं पाठ झालं.

माझं तर घरीही सुरू झालं. आमचे हे एकदा म्हणाले, "काय गं, हल्ली प्रत्येक गोष्टीला मोठ्यानं 'हो' म्हणतेस? बरी आहेस ना?" मी म्हटलं, "बावीस वर्षं तुम्हाला उत्तर दिसत नव्हतं, आता ऐकू तरी येतंय ना?"

मधेच बीडीओ साहेब बदलले. नवे साहेब पहिल्या दिवशी आत शिरले तर रंगनाथ आडवा. "नाव सांगा, साहेब."

"मी कोण आहे माहीत नाही का तुम्हाला?"

"मला म्हाईत हाय साहेब. वैशालीताईला न्हाई."

रंगनाथची नोकरी आता जातेय असं मला वाटलं. पण साहेबांनी नाव सांगितलं, पदही सांगितलं. वैशाली उठून उभी राहिली आणि नमस्कार म्हणाली. त्यांनी मान डोलावली. भाऊसाहेबांचा हात टेबलावर आपटायला वर गेलेला मी पाहिला आणि त्यांचा शर्ट खेचून धरला. पहिल्याच दिवशी कशाला? पण दुसऱ्या दिवशी त्यांनी हात आपटलाच.

आणखी एक शब्द त्यांनी ऑफिसातून हद्दपार केला. 'बिचारी'. कुणी म्हटलं की विचारायचे, "कोण बिचारी? या नावाची कर्मचारी आपल्याकडं हजेरीपटावर न्हाई."

आता खरी अडचण सांगते. वैशालीच्या मोबाईलला छापील कागद वाचता यायचा. पण आमच्याकडे येणारे अर्ज बहुतेक हातानं लिहिलेले, आणि त्या अक्षरापुढं डोळस माणूसही हात टेकतो. मग तिनंच तोड काढली. ज्याचा अर्ज त्यानं तिच्यासमोर मोठ्यानं वाचायचा. ऐकत ऐकत ती नोंद करणार. ज्याला वाचता येत नसेल त्याचा अर्ज रांगेतल्या मागच्या माणसानं वाचायचा. लोक कुरकुरले. "ही काय शाळा हाय का?" "आमाला येळ न्हाई." एका माजी सरपंचांनी तर आवाज चढवला. भाऊसाहेब त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले आणि नुसता चष्मा कपाळावरून खाली घेतला. सरपंचांनी वाचला.

अडीच महिने झाले. नवे साहेब सज्जन होते, पण ड्रॉवरमधल्या पत्राचं त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं. "मुदत संपत आली ना?" असं त्यांनी भाऊसाहेबांना दोनदा विचारलं. वैशालीला हे ठाऊक होतं. तिनं कधी विषय काढला नाही, पण त्या दिवसांत ती डबा अर्धाच खायची.

आणि एका मंगळवारी एक म्हातारी आली. सत्तरीची, डोईवर पदर, एकटीच. घरकुलासाठी तिचं नाव यादीत लागलं होतं, आणि त्याचाच कागद द्यायला पुतण्यानं तिला पाठवलं होतं. अर्ज त्यानंच लिहून आणलेला, खाली तिचा अंगठा. तो स्वतः बाहेर मोटारसायकलवर बसलेला. म्हातारीला वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्या मागं उभ्या असलेल्या शिक्षकानं कागद घेतला आणि वाचू लागला. मधेच त्याचा आवाज बारीक झाला. "मोठ्यानं," वैशाली म्हणाली. तेव्हा त्यानं वाचलं, "मला घरकुलाची आवश्यकता नसून, माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे. सदर लाभ माझ्या पुतण्यास मिळावा."

म्हातारी ऐकत होती. "आवं, कोन म्हनलं आसं?" ती एकदम ओरडली. "म्या न्हाई म्हनले! मला घर पायजे. पावसाळ्यात माझ्या अंगावर पानी गळतंय, मी कशापायी सोडीन?"

रांगेतल्या वीसेक माणसांनी हे ऐकलं. केबिनच्या दारात उभ्या साहेबांनी ऐकलं. वैशालीनं शांतपणे विचारलं, "आजी, मग हा अर्ज तुमचा आहे का?"

"न्हाई माय, न्हाई!"

"मग मी घेत नाही," वैशाली म्हणाली, आणि कागद परत तिच्या हातात दिला. बाहेर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला. म्हातारीला गावी सोडायला शेवटी तो शिक्षकच गेला.

मी त्या खुर्चीवर चार वर्षं काम केलं होतं. डोळे शाबूत ठेवून. असे किती अंगठे मी न वाचता, नुसता शिक्का मारून आत घेतले असतील, हे मनात आलं. त्या दिवशी मला वैशालीचा अभिमान वाटला, आणि तिच्यापुढं माझी मलाच लाजही वाटली.

सायंकाळी साहेबांनी भाऊसाहेबांना बोलावलं. ते बाहेर आले, आपल्या ड्रॉवरमधून ते पत्र काढलं आणि सरळ माझ्या टेबलाशी आले. तिथं त्याचे चार तुकडे केले. "कॉम्प्युटरातूनबी काढ," म्हणाले. "अन् पोरीला कायम करायचा प्रस्ताव टाइपाला घे. आत्ताच." ऑफिस सुटून गेलं होतं. मी बसून टाइप केला. त्यात एकही चूक नव्हती, हे मी मुद्दाम सांगते, कारण भाऊसाहेबांनी माझ्या पत्रात चूक काढली नाही अशी ती एकच वेळ.

दोन वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळ्यांची भाषणं झाली. ते उभे राहिले आणि म्हणाले, "भिंतींना रंग दिला की खालचे लाल चौकोन पुन्हा काढा." एवढंच. खाली बसले.

त्यांच्यामागं हे सगळं टिकणार नाही असं मला वाटायचं. आपल्याकडे माणूस गेला की त्याचं सगळं गुंडाळतात, तुम्हीही पाहिलंच असेल. पण चौकोन दर दिवाळीला रंगनाथ काढतो, न सांगता. बीडीओ तीन बदलले, तिघांनीही दारात नाव सांगितलं. जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं, शिक्के बदलले, पाट्या बदलल्या, हे तेवढं बदललं नाही. त्याच सुमारास राहात्याहून बदलून आलेल्या एका क्लार्कनं तर मला गंभीरपणे विचारलं, "मॅडम, हे नाव सांगायचं आणि मान हलवायची नाही, याचा जीआर कुठल्या तारखेचा आहे? मला फाईलला लावायचाय." मी त्याला म्हटलं, "जीआर पेन्शनवर गेलाय." त्याला कळलं नाही. कळायची गरजही नव्हती, कारण तो नियम पाळत होता.

निवृत्तीनंतर भाऊसाहेब ऑफिसात फारसे आले नाहीत. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या हयातीच्या दाखल्याच्या दिवशी. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत असा कागद द्यावा लागतो, तो. दारात येऊन त्यांनी नाव सांगितलं. अख्खं ऑफिस उठलं. "या भाऊसाहेब, बसा." "आणा इकडं कागद, मी घेतो आत." कुणी खुर्ची ओढली, कुणी चहा सांगितला. त्यांनी सगळ्यांना हातानं थांबवलं आणि रांगेत उभे राहिले. त्यांच्या पुढं पाच माणसं होती.

नंबर आला. "वाचा," वैशाली म्हणाली.

भाऊसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. नाव, पद, पत्ता, सगळं खणखणीत. "...हे आज रोजी माझ्यासमोर हयात असल्याचे प्रमाणित करतो. सही..." आणि थांबले.

"सहीपुढं काय आहे?"

"अधिकाऱ्याची घ्यायची राहिली."

"मग अपुरा आहे, भाऊसाहेब. सही घेऊन या."

"अगं, मी तुझ्यासमोर उभा हाय. जिवंत हाय. आवाज येतोय ना माझा?"

"येतोय," वैशाली म्हणाली. पण कागद तिनं नीट दुमडून त्यांच्यापुढं धरलाच. "मला तुम्ही जिवंत आहात. कागदावर अजून नाही. पुढचा कोण? नाव सांगा."

नव्या क्लार्कचं तोंड उघडंच राहिलं. भाऊसाहेब वळले. मला वाटलं, दुखावले. मी त्यांच्या मागोमाग व्हरांड्यात गेले, काहीतरी समजूत घालावी म्हणून. तर हे पायरीवर उभे, कागद छातीशी धरलेला, आणि चेहरा असा की जणू मुलगी कलेक्टर झाल्याचं कळलंय. चहाच्या टपरीवरून कुणी अनोळखी शेतकरी हातात अर्ज घेऊन येत होता. त्यानं विचारलं, "भाऊसाहेब, आत कुनी वळखीचं हाय का? काम लवकर हुईल."

"हाय की, लई वळखीची हाय," भाऊसाहेब म्हणाले. "पन तिच्याफुडं वशिला चालत न्हाई, गड्या. मी आत्ताच लावून बघितला."